घर बांधायला काढण्याआधी काय काय ठरवून ठेवायचं

आम्ही घर बांधायचं ठरवलं आणि पहिला महिना कशात घालवला तर एकमेकांना टाइल्सचे फोटो पाठवण्यात, म्हणजे आधी कळस मग पाया. माती तपासून घ्यायचीय हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. म्हणून ही यादी एकाच हिशोबाने लिहितेय, जे नंतर बदलायला तोडफोड लागते ते आधी ठरवा, जे ब्रश नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतं ते शेवटी.

जागेचे कागद, हद्दीची मोजणी, चारी बाजूंनी किती जागा सोडायची, उंची किती चालते, हे तर कराच, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण माती तपासणी टाळू नका. शेजारच्याने जेवढा पाया खणला तेवढा आपण खणू असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, चिकण माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, मग भिंतीला तिरक्या भेगा पडतात, आणि त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, नाही बुजत. तसंच भरपूर पाऊस पडत असताना एकदा प्लॉटवर जाऊन पाणी कुठून येतं, कुठे साठतं ते बघा, प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची त्यावरच ठरते. एकदा दुपारी तीन-चारला जा आणि ऊन कुठून पडतं ते बघा, पश्चिमेला मोठ्ठी काच हवी म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच जा.

आर्किटेक्टकडे जाताना तीन बेडरूम, एक हॉल असं सांगायला जाऊ नका, घरातला एक अख्खा दिवस कागदावर लिहून न्या. सगळ्यात आधी कोण उठतं, त्याच्या आवाजाने कोण जागं होतं, ओले कपडे कुठे वाळतात, झाडू कुठे उभा राहतो, चपला कुठे, इस्त्री कुठे. हे वाचून हसू येतं पण झाडूला जागा नसलेली सुंदर घरं मी पाहिलीत. आणि पंधरा-वीस वर्षांनी आपलेच गुडघे कसे असतील तेही धरा, खाली एक बेडरूम बाथरूमसकट, दार साधारण 90 सेंटीमीटर रुंद, मध्ये उंबरा नको. आता हे प्लॅनवर नुसती रेघ आहे, नंतर तेच भिंत फोडणं होईल.

प्लॅन हातात आला की त्यात फर्निचर मापात काढून मागा, पलंग, कपाटं, आणि कपाटाचं दार उघडलं की माणूस उभा राहतो का तेही. मग जमिनीवर फक्की मारून घ्या, म्हणजे भिंती येतील तिथे पांढऱ्या पावडरच्या रेघा, आणि त्यातून चाला, हातात पातेलं घेतल्यासारखं करून ओट्यापासून टेबलापर्यंत जा, लोक हसतील, हसू दे. एक सांगून ठेवते, फक्की मारली की घर एवढंसं दिसतं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, मग भिंती उठल्यावर परत बरं वाटतं. तेव्हा घाबरून खोल्या वाढवत सुटू नका, मापं टेपने बघा, डोळ्याने नको.

जिना वेगळा घेऊन बसा. पायरीची उंची 15 ते 17 सेंटीमीटर आणि पाय ठेवायची जागा 25 ते 30 असली की चढताना दम लागत नाही, पण खरी गोची असते सगळ्या पायऱ्या सारख्या येण्यात. फरशीची जाडी आधी धरली नाही तर सगळ्यात खालची नाहीतर वरची पायरी दोन-तीन सेंटीमीटरने चुकते, आणि रोज तिथेच ठेच लागते. म्हणजे बघा, फरशीचा रंग नंतर ठरवला तरी चालतो, जाडी मात्र जिन्याच्या आधी.

आता भिंतीत गाडलं जाणारं सगळं, इथे घाई करूच नका. आमच्या बेडरूमचा लाइटचा बोर्ड दाराच्या मागे आलाय, कारण दार कुठल्या बाजूला उघडणार हे वायरमनला कुणी सांगितलंच नाही, आणि मी पण प्लॅन बघून मान डोलावली होती, अजून रोज अंधारात दार अर्धवट लोटून हात आत घालते. त्यामुळे झिऱ्या, म्हणजे वायर-पाइपसाठी भिंतीत खाचा, मारायच्या आधी खडू घेऊन प्रत्येक खोलीत भिंतीवर बोर्ड काढा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना काढा, जिन्याला वर-खाली दोन्हीकडून चालेल असं बटण. कमोड भिंतीला टांगणारा की जमिनीवरचा हे प्लंबिंगच्या आधी ठरतं, कारण दोघांचा पाइप वेगळ्या जागी निघतो, शॉवरच्या नळाचा भिंतीतला भागही टाइल्सच्या आधी आणून द्यावा लागतो. एसीचं पाणी कुठे जाणार ते उताराने ठरतं, नंतर पाइप लोंबत राहतो. दोन-चार रिकामे पाइपही टाकून ठेवा, पुढे कुठली वायर लागेल सांगता येत नाही. टाइल्स बसायच्या आधी पाइपलाइन प्रेशरवर तपासून घ्या, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी भरून खालून ओल येते का बघा, आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. नंतर खिळा ठोकताना हे फोटोच वाचवतात.

पैशाचं आणि कराराचं थोडक्यात. दोन कॉन्ट्रॅक्टरचे रेट लावून बघताना दोघांनी तेच काम, तेच मटेरियल धरलंय का ते आधी बघा, नाहीतर स्वस्त वाटतो त्याच्या कोटेशनमधे कंपाउंड वॉल आणि पाण्याची टाकीच नसते. पैसे तारखेवर नाही, टप्प्यावर द्या, शेवटचा थोडा हिस्सा सगळी किरकोळ कामं संपेपर्यंत धरून ठेवा. बजेटच्या वर 10 ते 15 टक्के बाजूला काढा आणि ते आहेत हे घरात सगळ्यांना सांगू नका, सांगितलं की ते झुंबरात जातात. काही बदल करायचा तर आधी लिहून, किती पैसे आणि किती दिवस वाढतील ते लिहून, मगच. आणि साइटवर बोलणारं माणूस घरातलं एकच असू द्या, आमच्याकडे सकाळी एक सांगून जायचं, संध्याकाळी दुसरं येऊन बदलायचं, गवंडी बिचारा दोघांना हो म्हणायचा.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहा. माल सरकत नाही म्हणून वरून पाणी मारतात, त्याने ताकद कमी होते, ते थांबवा. त्याच मालाचे क्यूब, म्हणजे तपासणीचे चौकोनी ठोकळे, भरून घ्या, 7 आणि 28 दिवसांनी त्यांची ताकद तपासतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर ते ओलं ठेवायला मात्र पाणी मारावंच लागतं, ते मारायला कोण येणार ते नाव आधीच ठरवा, सगळे मारतील म्हटलं की कुणीच मारत नाही.

मग राहिले टाइल्स, रंग, हँडल, पडदे. हे निवडताना भांडा खुशाल. फक्त टाइल्सचा एक बॉक्स त्याच बॅचचा जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका, आणि रंगाचे शेड नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, डब्यावरचा कागद पुढच्या वर्षी सापडत नाही.