देवनागरी डोमेन घेताय? या चुका टाळा

दिवेआगरचा होमस्टे असो, मालवणातली खानावळ असो की देवगडची आंब्याची बाग, मराठी अक्षरांतलं डोमेन आता सहज घेता येतं. देवनागरीतलं '.भारत' ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि मराठीसोबत कोकणीलाही चालतं. रडगाणं सुरू होतं ते पैसे भरल्यावर: साइट उघडत नाही, मेल परत येते, ब्राउझर 'असुरक्षित' म्हणतो. बहुतेक वेळा मूळ एकच असतं. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून साइटचा सर्व्हर शोधणाऱ्या यंत्रणेच्या, व्यवहारात देवनागरी चालत नाही. तुमचं नाव आधी प्युनीकोडमध्ये, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या ओळीत बदलतं. ती ओळ एक्स, एन आणि दोन हायफननी सुरू होते. 'भारत'च्या बाबतीत पुढे एच-२-बी-आर-जे-९-सी येतं. आपल्या नावाची अशी ओळ पहिल्याच दिवशी रोमनमध्ये वहीत उतरवून ठेवा. पुढे पदोपदी लागते.

दिसायला एक, आतून दोन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'ॲग्रो'मधला ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा अ टाइप करून त्यावर चंद्र देऊन. स्क्रीनवर काडीचा फरक दिसत नाही, पण प्युनीकोड वेगळा, म्हणजे डोमेनही वेगळं. नावात ॲ नसलेलाच बरा.

'किनाऱ्यावर'मधला 'ऱ्या' त्याहून खट्याळ. योग्य क्रम असा: ऱ, हलन्त, य, काना. काही कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक आणि य टाकतात. अशा बिगर-रोमन डोमेनसाठीच्या २००३ च्या नियमांवर चालणारं सॉफ्टवेअर तो जोडक गाळून टाकतं, आणि तुमचं नाव 'किनार्यावर' होऊन बसतं. २०१० च्या नियमांत हलन्तानंतर जोडक चालतो, तरी रजिस्ट्री, म्हणजे त्या डोमेनची नोंद ठेवणारी संस्था, नाकारू शकते.

म्हणून वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून नाव उचलून चिकटवू नका. दोन वेगळ्या फोनवर हाताने टाइप करा, दोन्ही प्युनीकोड कन्व्हर्टरमध्ये टाका आणि ओळी तंतोतंत जुळल्या तरच पैसे भरा. ल किंवा श हिंदी वळणाचा दिसला तर घाबरू नका. तो फॉन्टचा प्रश्न, नावाचा नाही.

'हापूस' आणि 'हापुस' हीसुद्धा दोन डोमेन. गिऱ्हाईक काही शुद्धलेखन तपासून टाइप करत नाही. जमलं तर दोन्ही घ्या आणि चुकीचं ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमचं, बरोबरवर वळवा.

टिंब आणि शेपूट

डोमेन घेताना शेवटच्या भागाच्या यादीत '.भारतम्' आणि '.भारोत' दिसतील, पहिलं संस्कृतसाठी, दुसरं संतालीसाठी. घाईत भलतंच निवडू नका. देवनागरीतलं '.कॉम' आणि रोमनमधलं कॉम हेही एक नव्हेत. मराठी नावापुढे रोमन कॉम लावता येतं, पण पत्ता लिहिताना मध्येच कीबोर्ड बदलावा लागतो. आमच्या मते हा सौदा करू नये.

काही हिंदी कीबोर्डवर टिंबाऐवजी उभा दंड उमटतो. ब्राउझर त्याला पत्त्यातलं टिंब मानत नाही, सरळ सर्च उघडतो. दोन शब्दांमध्ये हायफन हवा असेल तर साधाच. फोन आपणहून टाकतो ती लांब रेघ चालत नाही. लांबीची मर्यादा ६३ अक्षरांची, तीही सुरुवातीच्या चार चिन्हांसकट प्युनीकोड ओळीची. तिथे मात्रा आणि हलन्तही वेगळे धरले जातात: 'रत्नागिरी'ची मूळ चिन्हंच ९.

साइट उघडते, पण कुलूप नाही

लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१६ पासून अशा नावांना सर्टिफिकेट, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा डिजिटल दाखला, देते. तरी ते मिळवून देणाऱ्या सर्टबॉट या सॉफ्टवेअरला देवनागरी नाव दिलं की तो एरर देतो. त्याला वहीतली रोमन ओळ द्या. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आणि वर्डप्रेसच्या साइट ॲड्रेसमध्येही तीच टाका. रीडायरेक्टसाठी घेतलेल्या नावांनाही सर्टिफिकेट लागतंच. ते नसेल तर वळण्याआधीच ब्राउझर इशारा दाखवून अडवतो.

मेल

ॲट चिन्हाच्या आधीचा भागही देवनागरी असेल, तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही सर्व्हरना एसएमटीपीयूटीएफ८, म्हणजे बिगर-रोमन मेल पत्ते हाताळण्याची सोय, यावं लागतं. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी देवाणघेवाण करतं, पण बुकिंगच्या साइटवरचे कित्येक फॉर्म असा पत्ता 'अवैध' म्हणून फेकून देतात. कामकाजाचा मेल रोमनच ठेवा. डोमेनच्या खात्यात तर नक्कीच, नाहीतर नूतनीकरणाची आठवण पोचायची नाही. ते खातं साइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको, तुमच्या नावावर हवं.

पाटी लावण्याआधी

बेंगळुरूहून तारकर्लीला आलेल्या पाहुण्याच्या फोनवर देवनागरी कीबोर्ड असेलच असं नाही. रोमन डोमेनही घ्या, दोन्ही एकाच साइटवर आणा. पाटीवर मराठी नाव मोठं, रोमन खाली. क्यूआर कोडमध्ये मात्र देवनागरी पत्ता न घालता रोमन पत्ता किंवा प्युनीकोड ओळ घाला, कारण काही स्कॅनर देवनागरी पत्त्याला लिंक न समजता नुसता मजकूर दाखवतात. फ्लेक्स छापायला टाकण्याआधी तो कोड एका जुन्या अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर, वायफाय बंद करून, उघडून पाहा.