कुऱ्हाडीला नवा दांडा कसा बसवावा

पाते लटलटू लागले की बहुतेक घरांत कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी ती घट्ट झालेली असते, पण ते लाकूड नुसते फुगलेले असते. लोखंडात फुगायला जागा नसते, त्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही सैल होतो. घाव घालताना निसटलेले पाते कुणाच्याही अंगावर जाऊ शकते. म्हणून नेढ्यातला, म्हणजे पात्याच्या भोकातला, दांडा झिजला किंवा तडकला असेल तर तो बदलाच.

निम्मे काम लाकूड निवडण्यातच आहे. धावडा, तिवस, बाभूळ ही चिवट, हादरा सोसणारी लाकडे. साग दारा-खिडक्यांना उत्तम, पण दांड्याला नको, तो काडकन मोडतो. बाभळीचा आतला तांबूस गाभा घ्या, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन बाहेर पडल्या, तर दांडा नेमका तिथेच फाटतो. गाठही नको. करवतीने कापलेल्यापेक्षा ओंडका फोडून काढलेला दांडा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण फोडताना लाकूड आपल्या रेषेनेच दुभंगते.

आणि लाकूड वाळलेले हवे. ओला दांडा आज कितीही घट्ट बसला तरी पुढे नेढ्यातच आक्रसतो. दोन्ही टोकांना मेण किंवा शेण लावून तो काही महिने सावलीत ठेवा, म्हणजे टोके तडकत नाहीत. एवढा धीर नसेल तर बाजारातून तयार दांडा आणा, पण रेषा पाहूनच.

जुना दांडा पात्याच्या खाली करवतीने कापा. नेढ्यात उरलेल्या तुकड्याला ड्रिलने चार-पाच भोके पाडा आणि पाते धरून तो खालून वर ठोकून काढा. पाते विस्तवात टाकून लाकूड जाळायचा सोपा मार्ग धरू नका. धारेचे पाणी उतरते, मग ती धार टिकत नाही.

आता नवे टोक तासा. नेढ्याच्या आत काजळ लावून दांडा घालून पाहा. काळे डाग उमटतील तिथेच लाकूड अडते आहे, तेवढेच कानशीने काढा आणि पुन्हा घाला. हे पाच-सहा वेळा करावे लागते, कंटाळू नका. एकदा जास्त तासले गेले की ते भरून येत नाही. दांड्याच्या बुडाकडून एक डोळा मिटून पाहिले तर धार दांड्याच्या बरोबर मध्यरेषेत दिसायला हवी.

बसवण्याआधी वरच्या टोकाला नेढ्याच्या लांबीच्या दिशेने करवतीने चीर पाडा, नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश. मग दांडा उभा धरा, पाते खाली लोंबते ठेवा आणि बुडावर लाकडी हातोड्याने ठोका. पाते आपल्या जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि दांड्यावर चढत जाते. खाली जमिनीवर आपटण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. टोक पाच-सहा मिलिमीटर बाहेर आले की चिरेत खडखडीत वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोका. पाचरेने टोक फाकते आणि पाते वर निसटू शकत नाही.

टिकावाची गोष्ट वेगळी. त्याचा दांडा वरून घालतात, पुढचे टोक जाड असते, आणि प्रत्येक घावाबरोबर तो अधिकच घट्ट होतो. तिथे पाचर लागत नाही.

व्हार्निश लावू नका, हातावर फोड येतात. काचेच्या तुकड्याने दांडा खरवडून गुळगुळीत करा आणि जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. पहिल्या दिवशी थोडेच घाव घालून पाचर पुन्हा एकदा ठोका. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि त्या बोळ्याला आपोआप आग लागू शकते, म्हणून ती बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.