बिल्ड टूलची मॅन पेजेस आणि पोर्टेबिलिटी एकत्र कशी सुधारावी

पावसाळ्यात गोव्यातील सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या गावांत वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावर लॅपटॉपच्या बॅटरीवर काम करणाऱ्याला बिल्ड टूलची, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या टूलची, माहिती मिळण्याचे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे त्याच यंत्रावर असलेले मॅन पेज, म्हणजे ‘मॅन’ कमांडने उघडणारे माहितीपान. म्हणून ते पान अचूक हवे. दुसरी गोष्ट अशी की, एकच प्रकल्प महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्सवर, एखाद्या सहकाऱ्याच्या मॅकबुकवर आणि सर्व्हरवर फ्रीबीएसडीमध्ये बांधला जातो, आणि पानावरचे विधान त्या तिन्ही ठिकाणी खरे ठरायला हवे. त्यामुळे पान वरून खाली वाचत जावे आणि त्यातला प्रत्येक पर्याय, प्रत्येक उदाहरण वेगवेगळ्या यंत्रांवर चालवून पाहावे. पानातील चुका आणि कोडमधील पोर्टेबिलिटीचे (वेगवेगळ्या यंत्रणांवर सारखेच चालण्याचे) दोष या एकाच वाचनात सापडतात.

सुरुवात मॅनडॉक या मॅन पेज दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या लिंट (दोष शोधणाऱ्या) तपासणीने करावी. मांडणीतले बहुतेक दोष ती ओळ क्रमांकासह दाखवते. मजकूर खरा आहे की नाही, हे मात्र आपणच पाहायचे असते. पान कोणत्या मॅक्रोंमध्ये, म्हणजे मांडणीच्या तयार सूचनांमध्ये, लिहिले आहे हेही आधी पाहावे. सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर 1979 मध्ये आलेले मॅन मॅक्रो मुख्यतः अक्षर ठळक की तिरपे एवढेच सांगतात, तर बीएसडी या युनिक्सच्या शाखेत घडलेले एमडॉक मॅक्रो हा पर्याय आहे, हा त्याचा आर्ग्युमेंट आहे, असा अर्थ सांगतात. नवे पान लिहायचे असेल तर माझा कौल निःसंशय एमडॉकला आहे, कारण ग्रॉफ आणि मॅनडॉक या पान छापणाऱ्या दोन्ही प्रोग्रामना ते समजते. जुने पान मात्र मजकूर दुरुस्त करतानाच एमडॉकमध्ये नेऊ नये, कारण मग नेमके काय बदलले हे तपासणाऱ्याला कळत नाही.

‘नेम’ विभागातील एका ओळीवर विशेष लक्ष द्यावे, कारण ‘अप्रोपोस’ आणि ‘व्हॉटइज’ या कमांड तिच्यावरच शोध घेतात. कमांडचे वर्णन विभाग 1 मध्ये आणि कॉन्फिगरेशन फाइलच्या स्वरूपाचे वर्णन विभाग 5 मध्ये असावे. बिल्ड टूलच्या पानांत या दोहोंची सरमिसळ फार वेळा झालेली असते.

बिल्ड टूलच्या पानांना रॉफ या मॅन पेजच्या मांडणीभाषेच्या काही नियमांचा जास्तच त्रास होतो. मॅन मॅक्रोंच्या पानात पर्यायापूर्वीची रेघ नुसती लिहिली तर यूटीएफ-8 टर्मिनलवर ग्रॉफ तिच्या जागी संयोगचिन्ह छापू शकतो, आणि वाचकाने तो पर्याय कॉपी करून चालवला की कमांड तो ओळखत नाही. म्हणून तेथे ‘\-’ लिहावे. टिंबाने सुरू होणारी ओळ रॉफ सूचना समजतो. मेक या बिल्ड टूलची ‘.फोनी’सारखी विशेष टार्गेट (नियमांची नावे) टिंबानेच सुरू होत असल्याने, असे नाव ओळीच्या आरंभी आले तर ती सगळी ओळ छापील पानातून नाहीशी होते. त्यापूर्वी ‘\&’ घालावे. मेकफाइलच्या (मेकचे नियम असलेल्या फाइलच्या) उदाहरणात ओळीच्या शेवटी येणारा बॅकस्लॅशही असाच गिळला जातो आणि दोन ओळी एक होतात. तेथे बॅकस्लॅश आणि त्यापुढे इंग्रजी ई हे अक्षर लिहावे लागते.

आता उदाहरणे चालवावीत, आणि ती बॅशऐवजी डॅश या साध्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये). उबुंटूने 2006 मध्येच डॅशला ‘एसएच’, म्हणजे स्क्रिप्टसाठीचे मूळ शेल, केले, त्यामुळे ‘[[’, ॲरे किंवा तुलनेसाठी ‘==’ वापरणारी स्क्रिप्ट तेथे अडते. ‘एको’ला पर्याय देण्याऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरावे. ‘सेड’ने फाइल जागच्या जागी बदलण्याची पद्धत जीएनयू आणि बीएसडीमध्ये वेगळी आहे, म्हणून तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून ती मूळ नावावर हलवणे हाच विश्वासाचा मार्ग. फ्रीबीएसडीवर बॅश मूळ बिन डिरेक्टरीत नसते, हे स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिताना ध्यानात ठेवावे. मेकफाइलमध्ये जीएनयूची ‘इफइक्यू’ अट बीएसडी मेकला कळत नाही, आणि ‘$<’चा (ज्यापासून बांधायचे त्या फाइलच्या नावाचा) भरवसा केवळ फाइलच्या प्रत्ययावरून लागू होणाऱ्या इन्फरन्स नियमांतच धरता येतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या यंत्रणांच्या प्रमाणाच्या 2024 च्या आवृत्तीने ‘?=’, ‘+=’ आणि ‘.फोनी’ यांना मान्यता दिली आहे, पण मेकच्या बाकी नव्या सोयी सगळीकडे नसतात, कारण मॅकओएसबरोबर अजून 2006 चा जीएनयू मेक 3.81 येतो, तेव्हा आपले टूल कशावर अवलंबून आहे, ते पानाच्या ‘स्टँडर्ड्स’ विभागात स्पष्ट लिहावे.

गोव्यात आणखी एक तपासणी टाळू नये. एकाच गटात कोणाच्या यंत्रावर मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) असते, कोणाच्या कोकणी, कोणाच्या इंग्रजी, आणि लोकेलप्रमाणे ‘सॉर्ट’चा क्रम तसेच ‘डेट’ने दिलेली महिन्यांची नावे बदलतात. फाइलींची यादी किंवा तारीख बांधणीच्या निकालात उतरत असेल, तर एकाच कोडपासून दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल निघतात. त्या पायऱ्यांपुरते लोकेल ‘सी’ (सगळीकडे सारखे असणारे मूळ लोकेल) करावे, वापरकर्त्याला दिसणाऱ्या संदेशांसाठी मात्र त्याचेच लोकेल राहू द्यावे, आणि टूल वाचत असलेली प्रत्येक व्हेरिएबल ‘एन्व्हायर्नमेंट’ विभागात नोंदवावी. मग ‘माझे काम’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये प्रकल्प बांधून पाहावा. देवनागरी अक्षरे बहुधा निभावतात. मधली मोकळी जागा अवतरणाविना लिहिलेली प्रत्येक व्हेरिएबल उघडी पाडते.

सी कोडमध्ये यंत्रणेचे नाव पाहून निर्णय घेऊ नये; हवे ते फंक्शन आहे का, हे छोटा प्रोग्राम कंपाइल करून तपासावे. ‘एसटीआरएलसीपीवाय’ हे मजकूर कॉपी करणारे फंक्शन ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये 2023 च्या 2.38 आवृत्तीत आले, त्यामुळे ‘लिनक्सवर ते नसते’ असे गृहीत धरणारी अट आज चुकीची ठरते.

पानाची दुरुस्ती आणि वर्तनातील बदल वेगवेगळ्या कमिटमध्ये (कोडच्या बदलनोंदींत) ठेवावेत. जो फरक कोडमध्ये मिटवता येत नाही, तो यंत्रणेच्या नावासह ‘कॅव्हिअट्स’ विभागात लिहावा, आणि तो मिटला की त्याच कमिटमध्ये ती नोंद काढून टाकावी.