या चुका टाळा : फसवे मेल आणि कॉल ओळखताना

फसव्या मेलमध्ये शुद्धलेखनाच्या चुका असतातच, ही समजूत आधी सोडा. भाषा निर्दोष, लोगो हुबेहूब, तुमचं नावही बरोबर, आणि तरीही मेल खोटा असू शकतो. दिसण्यापेक्षा मागणीकडे बघा. घाई, भीती किंवा 'कुणाला सांगू नका' याच्या जोडीला पैसे, पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, की तिथेच थांबा.

ब्राउझरमधल्या कुलपावर विसंबू नका. साइटशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्ट होते, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. साइट कुणाची ते नाही. त्यासाठी पत्त्यातलं साइटचं नाव (पहिल्या एकेरी '/' च्या आधीचा भाग) उजवीकडून वाचा. 'माझीबँक.कॉम.तपासणी.नेट' हा पत्ता बँकेचा नसून 'तपासणी.नेट'चा आहे. पासवर्ड मॅनेजर एरवी आपोआप भरतो तो पासवर्ड एखाद्या पानावर भरलाच नाही, तर हाताने टाइप करू नका. बहुतेक वेळा पत्ताच वेगळा असतो.

फोनवर ओळखीचा नंबर दिसला तरी खात्री धरू नका, कारण तो बनावट दाखवता येतो. कॉल तोडा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. खोटं पान तुमचा ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकाच्या लॉकने लॉगिन करण्याची सोय) मूळ पत्त्याशी बांधलेली असल्याने अशा पानावर चालत नाही; सोय असेल तिथे तीच घ्या. आपण लॉगिन करत नसताना मंजुरीची सूचना आली, तर पासवर्ड बहुधा फुटलेला आहे. नकार द्या आणि लगेच बदला. 2022 मध्ये उबरच्या यंत्रणेत शिरकाव झाला तो वारंवार येणाऱ्या अशा सूचनांपैकी एक कंत्राटदाराने मंजूर केल्यामुळे.

'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणत कीबोर्डवरची विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही ही बटणं दाबायला सांगणारं पान तत्काळ बंद करा. क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) गुपचूप ठेवलेली कमांड, म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम, ते तुमच्याच हातून चालवून घेतं. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही.

फसलोच, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. कमांड चालली असेल तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि रिकव्हरीचा (खातं परत मिळवण्यासाठी दिलेला) मेल व नंबर तपासा. मेल फॉरवर्ड करण्याचे नियमही उघडून बघा: तिथे अनोळखी पत्ता राहिला, तर पासवर्ड बदलल्यानंतरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात.