उपदेश ऐकताना कृपा आणि प्रयत्न यांचा क्रम कसा तपासावा

पुण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एका रविवारी तारण, म्हणजे पापापासून सुटका, केवळ देवाच्या कृपेने होते असे ऐकावे आणि पुढच्याच रविवारी उपास, प्रार्थना व दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान) यांत कसूर झाल्यामुळे आशीर्वाद अडला आहे असे ऐकावे, हा अनुभव नवलाचा नाही. अशा वेळी उपदेशकाच्या वक्तृत्वावर न जाता, देवाची कृती आणि माणसाची कृती यांपैकी त्याने आधी काय ठेवले आणि कशाला कशाचे कारण ठरवले, एवढे नेमके पाहावे.

त्यासाठी घरी आल्यावर उपदेशाच्या वचनाच्या मागचेपुढचे वाचावे. बायबलमधील इफिसकरांस पत्र २:८-९ पुष्कळांना पाठ असते. तारण हे देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, असे तेथे सांगितले आहे. मात्र आपल्याला सत्कर्मांसाठीच निर्माण केले आहे असे सांगणारे १० वे वचन सर्रास गाळले जाते. उलट, फिलिप्पैकरांस पत्र २:१२ मधील ‘आपले तारण साधून घ्या’ एवढेच उचलून धाक घालणारे उपदेशक पुढचे वचन वाचत नाहीत, जिथे इच्छा आणि कृती ही दोन्ही देवच आपल्या ठायी घडवतो असे प्रेषित पौल लिहितो. निर्गमाच्या २० व्या अध्यायातही दहा आज्ञांच्या आधी मिसरातील (इजिप्तमधील) दास्यातून झालेल्या इस्राएल लोकांच्या सुटकेचा उल्लेख येतो. आज्ञा पाळल्याचे बक्षीस म्हणून ती सुटका मिळालेली नव्हती.

मत्तय २० मधील द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी कामाला लावलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देणाऱ्या धन्याची गोष्ट, मजूर अड्डा डोळ्यांपुढे आणून वाचावा. सकाळी थापी-फावडे घेऊन उभ्या असलेल्यांतून मुकादम धट्टीकट्टी माणसे आधी निवडतो, आणि ऊन चढले तरी जे उरतात ते आळशी असतात म्हणून नव्हे, तर त्यांना कोणी नेलेले नसते म्हणून उरतात. दाखल्यातील शेवटचे मजूरही हेच उत्तर देतात. त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी, म्हणजे एक दिनार, मिळतो तो धन्याच्या औदार्यामुळे, तरीही तासभर का होईना, ते मळ्यात राबलेले असतात. या दाखल्यावरून प्रयत्नांची थट्टा करणाऱ्याने तो अर्धाच वाचला आहे, असे माझे मत आहे.

देवाची कृपादृष्टी म्हणजे हिंजवडीतील नोकरी, फ्लॅट आणि व्हिसा, असे सुचवणारा उपदेश ऐकला तर उत्पत्ती ३९:२१ उघडावे. परमेश्वर योसेफाबरोबर होता आणि त्याच्यावर दया करत होता, हे तेथे तो तुरुंगात असताना लिहिले आहे. येशूची आई मरीया हिच्यावरही कृपा झाली, आणि तिच्याच जिवातून तलवार आरपार जाईल असे मंदिरात भेटलेल्या शिमोन नावाच्या भक्ताने तिला सांगितले.

कॅथलिक उपदेशात कर्मांनी तारण कमावायला शिकवतात, हा समज प्रॉटेस्टंट श्रोत्याने बाजूला ठेवावा. कृपेविना, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो हे मत कॅथलिक चर्चच्याच ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्येच धिक्कारले होते. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन (प्रॉटेस्टंटांमधील एक पंथ) व कॅथलिक प्रतिनिधींनी माणूस नीतिमान कसा ठरतो या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. मतभेद सगळे मिटलेले नाहीत, पण ते या ठिकाणी नाहीत.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, आणि तेथे क्रम हमखास चुकतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, तो काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुष्काळातील मुलींना केडगावला आणणे आणि बायबलचे मराठी भाषांतर हे श्रम त्यानंतरचे आहेत.

एवढे करूनही शंका उरली, तर उपासना संपताच दारात हस्तांदोलन करत उभ्या असलेल्या पाळकसाहेबांना गाठू नये, वेळ मागून घ्यावी, वचन उघडे ठेवावे आणि सरळ विचारावे : “आपण सांगितलेले मी केले नाही, तर देव मला स्वीकारणार नाही, की त्याने स्वीकारले आहे म्हणून मी ते करावे?”