आवाज बसला तर आधी काय करावं

तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चघळली की गळा सुरेल होतो म्हणतात, म्हणून ग्वाल्हेरला गाणं शिकायला आलेला प्रत्येक जण एकदा ती चघळतोच. खुशाल चघळा. बसलेला आवाज मात्र त्यानं सुटणार नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या यांनी खवखव शमते, पण तंतूंपर्यंत पोचते ती वाफ. तीही साध्या पाण्याची घ्या, त्यात बाम नको.

सर्दीनं बसलेला आवाज बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक सुटतो. कारण विषाणू असतो, त्यामुळे अँटिबायोटिक मागू नका. पाणी भरपूर प्या आणि गप्प बसा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या गाण्याच्या शिकवणीत मुली मौन म्हणून कुजबुजत बसतात! कुजबुजतानाही गळा आवळला जातो. त्यापेक्षा वहीत लिहून दाखवा. खाकरणं तर सोडाच. बोलताना बाईचे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आदळतात, आणि सुजलेले असताना वर खाकरण्याचा दणका कशाला? घोटभर पाणी गिळा.

दर महिन्या-दोन महिन्यांनी आवाज बसत असेल तर दुखणं सवयीत शोधा. मैत्रीण काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा) गाते म्हणून आपणही तिथेच ताणायचं, हे मी रोज बघते. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, मानेच्या शिरा फुगल्या की मी पट्टी दोन सूर उतरवते, मुली रुसतात. शाळेतल्या बाईंचंही तेच, साठ पोरांवर ओरडून. अशानं तंतूंवर गाठी येतात. त्यांवर पहिला उपाय व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज न ताणता वापरायला शिकवणारे व्यायाम; शस्त्रक्रिया बहुतेकींना लागत नाही.

सकाळी घोगरा आणि दुपारपर्यंत मोकळा होत असेल तर आम्लपित्ताचा संशय घ्या. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. दम्याचा पंप घेत असाल तर प्रत्येक वेळी चूळ भरा.

तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल तर काढे बंद, कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. दुर्बिणीनं तंतू बघायला काही मिनिटं पुरतात. विडी, सिगरेट, गुटखा असेल, थुंकीत रक्त दिसलं, मानेत गाठ लागली, गिळताना अडकलं किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला, तर तीन आठवडेही थांबू नका. आणि श्वास घेताना घुरघुर होऊन धाप लागली तर सरळ इस्पितळात.