ट्रम्पेट घरी रेकॉर्ड करताना

महागडा कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माईक नको. शुअर एसएम५७ सारखा डायनॅमिक (मोठा आवाज सहज पेलणारा) माईक, ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण), एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची), स्टँड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन पुरे.

माईक ट्रम्पेटच्या भोंग्यापासून दीड-दोन फुटांवर, पण समोरासमोर नाही, जरा बाजूला. कर्कशपणा भोंग्याच्या सरळ रेषेत सर्वाधिक असतो.

गेन (इंटरफेसवर माईकचा आवाज किती वाढवायचा ते) लावताना हळू आवाजात वाजवू नका, हमखास फसाल! रचनेतला सर्वांत चढा, जोरकस सूर वाजवा आणि पीक (मीटर जिथवर चढतो ती पातळी) -१२ डीबीच्या आसपास ठेवा. क्लिप होऊन (मीटरची मर्यादा ओलांडून) फाटलेला सूर नंतर नीट सुधारत नाही. गेन शून्यावर आणूनही फाटत असेल तर इंटरफेसचं पॅड (येणारा सिग्नल कमी करणारं) बटण दाबा.

खोलीचा घुमारा कमी करायला जाड गोधडी टांगायची ती वादकाच्या पाठीमागच्या भिंतीवर. माईकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं.